येलदरीले अडते

येलदरीला जायचं ठरलं ते एका शब्दामुळे.

माझी धाकटी बहीण रुखमा. तिचा एकुलता एक मुलगा गोकुळ यंदा भाद्रपदात खडकपूर्णेत वाहून गेला. धरणाच्या खालच्या अंगाला, नदीला लागूनच त्यांचं शेत आहे. वरच्या भागात पाऊस झाला होता. धरणाचे दरवाजे उघडणार म्हणून भोंगा वाजला होता आणि सगळ्या गावानं तो ऐकला होता. गोकुळनंही ऐकला. पात्रातली पाण्याची मोटर तेवढी काढून आणतो, अजून वेळ आहे, असं सांगून तो उतरला. चपला त्यानं काठावर काढून ठेवल्या आणि मोबाइल एका चपलेत ठेवला. मोटर त्यानं काठाला लावली होती. दोर सोडवायला तो परत आत गेला, तो गेलाच.

पुढं नावा फिरल्या, गावची पोरं कमरेला दोर बांधून झुडपांतून हिंडली. गोकुळ सापडला नाही. माणसं थकली, आणि एक एक करून घरी गेली. रुखमा मात्र धरणावर जाऊन बसली. तिथल्या एका कामगाराला तिची दया आली असावी. तो हात जोडून म्हणाला, "माय, इथून जे वाहून जाते, ते येलदरीले अडते. इथं बसून काई फायदा नाही."

त्याला काय म्हणायचं होतं ते कोणालाही कळलं असतं. खडकपूर्णा पुढं पूर्णा म्हणून वाहते आणि तिच्यावरचं पुढचं मोठं धरण येलदरीचं. तिथं वीज तयार होते, म्हणून पाण्याच्या तोंडाशी जाळ्या आहेत, आणि नदीनं आणलेलं सगळं तिथं थांबतं. पण आमच्याकडे माणूसही अडतो. पूर आला, बस बंद पडली, की तो पाहुण्यांच्या गावी अडला म्हणतात आणि घरचे निर्धास्त झोपतात. रुखमा घरी आली ती हेच सांगत आली. "गोकुळ येलदरीले अडला हाय."

मी बुलढाण्याला राहतो. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो त्याला बरीच वर्षं झाली. माझे मेहुणे, रुखमाचे यजमान उकंडराव, यांनी मला बोलावून घेतलं ते विधीबद्दल पुस्तकात काय लिहिलंय ते विचारायला. देह सापडला नाही तर पळसाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. पळसाच्या देठांची हाडं करायची, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा. हे मी कुठंतरी वाचलं होतं, पण कोणत्या पुस्तकात ते मला सांगता येईना, आणि देठ की पानं याबद्दलही माझ्या मनात घोळ होता. गावच्या गुरुजींनी सांगितलं की सर्वपित्री अमावास्येला करून टाका. उकंडराव तयार होते. रुखमा तयार नव्हती. शेजारच्या बाया तिला म्हणत, "आता पानी सोड बाई त्याच्यावर." ती म्हणे, "मी जित्या लेकरावर पानी सोडनार नाही."

या दोघांच्या मधे पुष्पांजली होती, गोकुळची बायको. ती नर्सिंग शिकलेली. बुलढाण्याच्या एका दवाखान्यात तिचं काम ठरलं होतं, गोकुळनंच ते ठरवायला लावलं होतं. रुखमा आता तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नव्हती. तो आल्यावर घरात बायको दिसली पाहिजे, हे तिचं म्हणणं. रोज सकाळी ती स्वतःच्या हातानं सुनेच्या कपाळाला कुंकू लावी. पुष्पांजलीचा भाऊ न्यायला आला आणि तसाच परत गेला. मी गेलो त्या दिवशी चहा देताना तिनं मला एवढंच विचारलं, "मामा, मी कोन हाय आता, ते एकदा ठरवून द्याल का?"

शेवटी रुखमानंच तोड काढली. आधी येलदरीला जायचं. तिथं गोकुळ नसला, तर दादा म्हणेल तसं करायचं. दादा म्हणजे मी. उकंडराव माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलं का महादेवराव? आता तुमच्या तोंडात हाय." लहानपणापासून रुखमाला वाटत आलंय की मी वाचतो म्हणजे मला कळतं. वाचून मला एवढंच कळलेलं आहे की कुठल्याही गोष्टीला दुसरी बाजू असते, आणि ते घरात कोणाच्या कामाला येत नाही.

अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही चौघं निघालो. गोकुळनं जुनी गाडी घेतली होती आणि पुष्पांजलीला चालवायला शिकवली होती. उकंडरावांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, मला गाडी येत नाही, म्हणून चालवायला तीच बसली. रुखमानं पिशवीत गोकुळचा शर्ट, पॅन्ट, टॉवेल आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी घेतल्या. उकंडराव दबकत म्हणाले की चपलाही घे, तो अनवाणी असेल. काठावरच्या त्या चपला त्यांनीच आणून दाराशी ठेवल्या होत्या, गोकुळ ठेवत असे तिथंच, आणि रुखमा तिथं झाडूही लागू देत नव्हती.

"चपला हलवाच्या नाहीत," ती म्हणाली. "चपला दारात असल्या म्हनजे मानूस घराकडं वळते. तिथं त्याले नव्या घेऊ."

रस्ता सुंदर होता, हे लिहायला मला संकोच वाटतो, पण तो होता. सोयाबीन पिवळं पडत चाललं होतं, मधल्या तुरी हिरव्यागार. डोंगरांच्या उतारांवर गवत गुडघाभर. जागोजागी नदी दिसे आणि परत आड जाई. ती दिसली की रुखमा काचेला हात लावी. वाटेत एका पुलाच्या आधी पुष्पांजलीनं गाडी हळू केली आणि पूल ओलांडेपर्यंत तिनं पाण्याकडे एकदाही पाहिलं नाही. उकंडराव पुढच्या सीटवर बसून पिकांची नावं घेत होते. कोणाची तूर बरी आहे, कोणाला फवारणी चुकली. बोलायला दुसरं काही नव्हतं.

लोणारला चहासाठी थांबलो. सरोवराच्या काठावर सुटीला आलेली माणसं फोटो काढत होती. एका कुटुंबानं मला त्यांचा फोटो काढायला लावला आणि मग त्यातला तरुण म्हणाला की काका, उभे राहा, तुमचाही काढतो. नको म्हणायला जमलं नाही. मला अशा वेळी कधीच जमत नाही. आम्ही चौघं ओळीत उभे राहिलो, मागं हिरवं पाणी. तो तरुण म्हणाला, जरा जवळ या, मधे जागा राहिली. रुखमा आणि पुष्पांजली यांच्यात एका माणसाची जागा सुटली होती. पुष्पांजली सरकायला लागली, तर रुखमानं तिचा दंड धरून तिला होती तिथंच उभं केलं. फोटो तसाच निघाला. अजून तो पुष्पांजलीच्या मोबाइलमध्ये आहे.

पुढं मंठा, जिंतूर, आणि दुपार कलता कलता येलदरी. धरण भरलेलं होतं. इकडच्या बाजूला पाणी आभाळाला टेकलेलं आणि खाली वीजघर, त्यातून एकसारखी घरघर येत होती. रस्त्याच्या कडेला माणसं गाड्या लावून धरण पाहत उभी होती. कणसं भाजणं चाललं होतं, कुणी तळलेले मासे विकत होतं. उकंडरावांनी त्या माशांकडे पाहिलं आणि मान फिरवली.

वीजघराच्या फाटकावर माणिकराव नावाचे वयस्कर पहारेकरी होते. आत सोडता येत नाही, म्हणाले. उकंडरावांनी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं. परत आल्यावर माणिकरावांचा आवाज खाली आला होता. त्यांनी सांगितलं की यंदा दोन आले, दोन्ही ओळखून ज्याच्या त्याच्या घरचे घेऊन गेले. तिसरं कोणी आलं नाही. आलं असतं तर पोलिसांनी तुम्हाला कळवलंच असतं.

"जिता कोनी अडला नाही का?" रुखमानं विचारलं.

माणिकराव माझ्याकडे पाहू लागले.

"मावशी, इथं जितं कोणी येत नसतं," ते म्हणाले.

रुखमानं वीजघराकडे बोट केलं. मग तिनं विचारलं की हे पाणी तुम्ही पुढं सोडता का. मशीन चाललं की सोडावंच लागतं, ते म्हणाले. दोन दिवस सोडू नका, ती म्हणाली. ते आपल्या हातात नाही, म्हणाले. मग पुढं कुठं जातं? सिद्धेश्वरला. तिथं दुसरं धरण आहे. रुखमानं पिशवी उचलली. तिच्या चेहऱ्यावर मी कित्येक दिवसांनी उत्साह पाहिला.

"मंग तिथं चाला," ती म्हणाली. "तिथं अडला असंल."

"अन् त्याच्या पुढं?" उकंडरावांचा आवाज एकदम चढला. "त्याच्या पुढं गोदावरी हाय, अन् गोदावरीच्या पुढं समुद्र हाय. समुद्रालोक जायाचं काय? महादेवराव, तुमी सांगा हिले. तुमच्या पुस्तकात किती धरनं आहेत ते एकदाचं मोजून सांगा."

पुष्पांजली गाडीला टेकून उभी होती, किल्ली मुठीत धरून. ती सिद्धेश्वरलाही गेली असती. तिथून पुढंही गेली असती.

माणिकरावांनाच ते बघवलं नाही. जाळ्यांतून काढलेला काडीकचरा बाजूला एका उतारावर टाकतात, तिथं त्यांनी आम्हाला नेलं. झाडांचे ओंडके, जलपर्णीचे वाळके गोळे, प्लॅस्टिकच्या बाटल्या, फुटका डेरा, देवाच्या तसबिरीच्या चौकटी. आणि चपला. एवढ्या चपला नदीत कुठून येतात, कोण जाणे. बहुतेक एकेकट्या. रुखमा पदर खोचून त्या ढिगात उतरली आणि एक एक चप्पल उचलून, तळ पाहून बाजूला ठेवू लागली. बाजारात भाजी निवडावी तशी. आम्ही कोणी तिला थांबवलं नाही.

बऱ्याच वेळानं ती वर आली. हातात तपकिरी रंगाची, उजव्या पायाची पुरुषी चप्पल होती. अंगठ्याला टाका घातलेला.

"ही गोकुळची," ती म्हणाली.

गोकुळच्या दोन्ही चपला घरी दाराशी होत्या. आम्ही निघताना त्या ओलांडूनच निघालो होतो. तिला त्या क्षणी तो जोड आठवला नाही, की आठवूनही तिनं तो बाजूला सारला, हे मला आजही सांगता येत नाही.

"दादा, तू सांग. ही त्याचीच ना?"

मला कळलं की आता जे म्हणायचं ते मलाच म्हणायचं आहे. नाही म्हटलं तर सिद्धेश्वर. पिशवीतल्या भाकरी वाळत जाणार आणि या पोरीच्या कपाळाला रोज कुंकू लागणार. हो म्हटलं तर आपल्या बहिणीला मी तिचा मुलगा मेला म्हणून सांगणार, तेही एका परक्या चपलेवरून. माझ्या आयुष्यात मी कुठल्याच गोष्टीला सरळ हो म्हटल्याचं मला आठवत नाही.

"हो," मी म्हणालो. "त्याचीच."

रुखमानं माझ्याकडे पाहिलं. मग ती ढिगाच्या कडेला बसली आणि चप्पल उराशी धरून रडली, पहिल्यांदाच. माणिकराव टोपी काढून उभे होते.

परतताना ती मागच्या सीटवर चप्पल मांडीवर घेऊन झोपली. मंठ्याच्या पुढं वायव्येकडे आभाळ काळं झालेलं दिसलं. वर पाऊस चालू असावा. उकंडरावांनी अजिंठ्याच्या डोंगराकडे नुसतं बोट दाखवलं. घरी पोचताच दाराशी तो जोड तिला दिसणार, हे आम्हा तिघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं असावं, कारण पुष्पांजलीनं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि मी पटकन बाहेर पाहिलं.

दिवेलागणीला गावात शिरलो तेव्हा वीज गेलेली होती. पुष्पांजलीनं गाडी अंगणाबाहेरच थांबवली. आधी दिवा लावते, अंधारात आई धडपडतील, असं म्हणून ती पुढं गेली. दिवा लागला. आम्ही आत गेलो तेव्हा उंबऱ्यापाशी काही नव्हतं. रुखमा ती एक चप्पल घेऊन सरळ देवघरापाशी जाऊन निजली. चला, निभावलं, असं मला वाटलं. मी समाधानानं झोपलो, हे लिहून ठेवलं पाहिजे.

सकाळी मला जाग आली ती रुखमाच्या आवाजानं.

"गोकुळ येऊन गेला."

ती दारात उभी होती. तिचा चेहरा मला पाहवेना, इतका तो उजळला होता. रात्री तो आला, आम्ही झोपलो होतो म्हणून कोणाला उठवलं नाही, चपला घातल्या आणि नदीवर तोंड धुवायला गेला. दुसरं कोण नेईल? ती सांगत होती आणि सांगता सांगता चूल पेटवत होती. शेजारणीला हाक मारून तिनं दूध मागवलं. ओसरीवर उकंडरावांनी पहाटे आणलेल्या पळसाच्या डहाळ्या होत्या, त्या तिनं उचलल्या आणि गोठ्यामागं भिरकावल्या. उकंडराव भिंतीला टेकून खाली बसले. विधीसाठी आलेले गुरुजी अंगणातच थांबले.

मी उठून तिच्यापाशी गेलो. काल जी चप्पल त्याची म्हणून मी सांगितली, तिचं आज काय करायचं ते मला कळत नव्हतं. मी तिची समजूत कोणत्या तोंडानं घालणार होतो?

तेवढ्यात परसातून फटक फटक असा आवाज आला. पुष्पांजली आली. तिच्या पायात गोकुळच्या चपला होत्या. तिच्या पावलांना त्या फार मोठ्या होत्या, चालताना टाचेखालून उडत होत्या. आमच्याकडे सून सासूसमोर नवऱ्याच्या चपला घालत नाही.

"आई, त्या मी घातल्या," ती म्हणाली. "रात्री मीच उचलल्या. तुमाले दिसू नये म्हनून."

रुखमा तिच्या पायांकडे बघत राहिली. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी कोणी हललं नाही. मला वाटलं ती सुनेवर हात उचलेल. तिनं उचलला नाही. ती माझ्याकडे वळली.

"मंग कालची कोनाची होती, दादा?"

"मले माहीत नाही," मी म्हणालो.

ती देवघरापाशी गेली आणि ती चप्पल घेऊन आली. उलटीसुलटी करून पाहिली. "कोनाची असंल तो," ती म्हणाली, "त्याच्याई घरचे वाट पाहून राह्यले असतीन." मग तिनं गुरुजींना सांगितलं की ही पण पुतळ्यापाशी ठेवा. गुरुजी शास्त्र सांगायला लागले. ती म्हणाली, "असू द्या. तो एकटा नको जायाले."

पळसाच्या डहाळ्या गोठ्यामागून उकंडरावांनीच वेचून आणल्या.

स्मशान नदीच्या पात्राला लागून आहे. पुतळा लहान होता, पाळण्यातल्या मुलाएवढा. आमच्याकडे बाया स्मशानात येत नाहीत. रुखमा आली आणि तिला कोणी अडवलं नाही. पुष्पांजली मात्र काठावरच्या बाभळीखाली थांबली, त्याच चपला पायात घालून. उकंडरावांनी अग्नी दिला. देठं ओली होती, धूर फार झाला. नारळ तडकला तेव्हा रुखमानं कानांवर हात ठेवले. आता पाणी सोडायचं होतं. गुरुजींनी उकंडरावांच्या ओंजळीत तीळ आणि पाणी दिलं आणि मग रुखमाकडे पाहिलं. तिनं हात पदरात घेतले.

तेव्हाच वर धरणाचा भोंगा वाजला. लांब, न थांबणारा.

सगळे उठले. गुरुजींनी सामान गुंडाळलं. उकंडराव उठेनात, त्यांना दोघांनी खांद्याला धरून वर आणलं. ओंजळीतलं पाणी त्यांच्या हातातून केव्हा सांडलं ते त्यांनाही कळलं नसेल. आम्ही काठावर उभे राहून पाहत राहिलो. आधी वास आला, मग आवाज, मग गढूळ पाणी वळणावरून दिसलं. ते घाई न करता पात्र भरत आलं, जळत्या पुतळ्याला एकदा फिरवलं आणि सगळं घेऊन गेलं. निखारे, नारळ, ती चप्पल.

"सोडलं त्यायनं पानी," रुखमा म्हणाली. "म्या नाही सोडलं."

मग ती बाभळीपाशी गेली. पदराच्या टोकाला थुंकी लावून तिनं सुनेच्या कपाळावरचं कुंकू पुसलं, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं. पुष्पांजली खाली वाकून चपला काढू लागली तर तिला काढू दिल्या नाहीत.

"राहू दे," ती म्हणाली. "घालून जाय."

दुपारच्या बसनं पुष्पांजली माझ्याबरोबर बुलढाण्याला आली. स्टँडवर उतरताना एक चप्पल तिच्या पायातून निसटली आणि बसखाली गेली. बस हलेपर्यंत ती एका पायावर उभी राहिली. मग खाली वाकून तिनं चप्पल ओढून काढली, फुंकर मारून धूळ झाडली आणि परत पायात घातली.